टर्बो वाढवण्याआधी पेट्रोल पुरतंय का ते मोजा

गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की बोलणं टर्बो, रीमॅप (इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं), डाउनपाइप आणि इंटरकूलरपासून सुरू होतं. टाकीतला पंप, पाइप आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर यांच्याकडे लक्ष जातं ते बहुतेक वेळा इंजिन उघडायची पाळी आल्यावर. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. कारण समजावून सांगायला आपल्याकडे पुष्कळ जणांनी ट्यून केलेली एक गाडी घेऊ: स्कोडा ऑक्टाव्हिया. तिच्या १.८ टीएसआय आणि २.० लिटरच्या व्हीआरएस या दोन्ही रूपांत फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ घराण्याचं इंजिन आहे. १.८ मधून कंपनी १८० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) काढायची, २०१७ साली भारतात आलेल्या व्हीआरएसमधून २३०. फक्त सॉफ्टवेअर बदललं तरी व्हीआरएस तीनशेच्या आसपास जाते. हे साठ-सत्तर जास्तीचे घोडे पळवायला लागणारं पेट्रोल येतं कुठून, हाच आपला विषय.

इंजिनाची ताकद मुळात हवेवर ठरते. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो आणि त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल मिळालं तरच तिचा उपयोग. इथेनॉल न मिसळलेलं एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या अचूक प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. पण पूर्ण बूस्टवर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबावर), पाय खाली दाबलेला असताना, मिश्रण मुद्दाम थोडं रिच ठेवतात. लॅम्डा ०.८० ते ०.८५ च्या आसपास, म्हणजे बारा-साडेबारा किलो हवेमागे एक किलो पेट्रोल. हे जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी नसतंच. त्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं. त्यामुळे सिलिंडरमधलं आणि एक्झॉस्टचं तापमान आवाक्यात राहतं आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप, अवेळी पेटणं) लांब राहतं.

आता हवा वाढली आणि पेट्रोल मागे पडलं, तर मिश्रण नेमकं पूर्ण बूस्टवर लीन होतं. तापमान चढतं, मिश्रणाचा कोपऱ्यातला शेवटचा भाग ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेट घेतो आणि दाबाचा झटका पिस्टनवर बसतो. पिस्टनच्या रिंगांमधली पातळ कड तुटते, व्हॉल्व्ह जळतात, टर्बोचं टर्बाइन भाजून निघतं. या सगळ्याला काही सेकंद पुरतात. आणि सुरुवातीला चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही, कारण किंचित लीन झालेलं इंजिन काही क्षण उलट तरतरीत वाटतं. म्हणून इंधन यंत्रणेची तपासणी अंदाजाने करून भागत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मोठा पंप किंवा मोठे इंजेक्टर बसवून एकही हॉर्सपॉवर वाढत नाही. ताकदीची मर्यादा कुठवर नेता येईल, एवढंच त्यातून ठरतं.

किती पेट्रोल लागतं?

हा हिशेब कागदावर करता येतो आणि प्रत्येकाने एकदा तरी करावा. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण लोडवर एका हॉर्सपॉवरसाठी तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं. तीनशे हॉर्सपॉवरला तासाला ८१ किलो. पेट्रोलचा एक लिटर पाऊण किलोच्या जवळपास भरतो, म्हणजे तासाला १०८ लिटर, मिनिटाला १.८ लिटर. त्याच वेळी इंजिन तासाला जवळपास एक टन हवा ओढत असतं. मूळच्या २३० हॉर्सपॉवरला हाच आकडा तासाला ८३ लिटर येतो. म्हणजे रीमॅप केल्या दिवशी पंपावरचं काम तीस टक्क्यांनी वाढलं. कंपनी थोडी जागा राखून ठेवते. पंप जुना होणार, फिल्टर चोंदणार, उन्हाळ्यात टाकी तापणार, हे तिने धरलेलं असतं. आपण खातो ती हीच राखून ठेवलेली जागा.

जुन्या पद्धतीची इंजिनं, म्हणजे होंडा सिटी व्हीटेक किंवा मित्सुबिशी सिडियासारखी, इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल फवारतात. तिथला हिशेब सरळ आहे. मिनिटाला १८०० सीसी भागिले चार इंजेक्टर, प्रत्येकी ४५०. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. त्याला मिटायला आणि उघडायला वेळ लागतो, आणि चोवीस तास उघडा राहिला तर ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हातात काहीच राहत नाही. म्हणून तो ८०-८५ टक्के वेळच उघडा राहील असा निवडतात. या प्रमाणाला ड्यूटी सायकल म्हणतात. ४५० ला ०.८ ने भागलं की ५६० येतं, म्हणजे साडेपाचशे सीसीच्या आसपासचा इंजेक्टर. टोयोटा सुप्राचं प्रसिद्ध टू-जे-झेड जीटीई इंजिन जपानमध्ये ४४० सीसीच्या इंजेक्टरांसह विकलं जायचं आणि निर्यातीच्या गाड्यांत ५५० चे असायचे. तिथल्या कंपन्यांनी आपसात २८० पीएसची मर्यादा पाळायचं ठरवलं होतं. बाहेरच्या गाडीची ताकद ३२० च्या घरात होती. जपानमधून सुप्रा आणणारे लोक पहिला प्रश्न इंजेक्टरचा विचारतात तो यामुळेच.

इंजेक्टरवरचा आकडा एका ठरावीक दाबाचा असतो, सहसा ३ बारचा. शेतातलं ठिबक सिंचन डोळ्यांसमोर आणा. ड्रिपरवर ताशी चार लिटर लिहिलेलं असतं, पण लाइनमध्ये ठरलेला दाब असेल तरच. मोटार कमी पडली किंवा फिल्टर चोंदला की सगळ्यात आधी तहानतात ती शेवटच्या टोकाची झाडं, आणि ड्रिपर कितीही मोठे लावले तरी ती तहान भागत नाही. इंधनाच्या रेलमध्येही, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, हेच घडतं. पंप अपुरा असेल तर लांबच्या सिलिंडरला आधी कमी पेट्रोल मिळू शकतं, आणि एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर चारही सिलिंडरांची सरासरी दाखवत असल्याने एकट्याची उपासमार त्यात लपून जाते.

दाब वाढवून इंजेक्टर ‘मोठा’ करता येतो, पण फायदा वाटतो तेवढा नाही. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. ३ बारचे ४ केले, म्हणजे दाब तेहतीस टक्के वाढवला, की प्रवाह जेमतेम पंधरा टक्के वाढतो. त्याच वेळी पंपाचा पुरवठा मात्र घटतो, कारण जास्त दाबाविरुद्ध ढकलायचं असतं. ‘ताशी २५५ लिटर’ असा शिक्का असलेला पंप तेवढं पेट्रोल एका ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजलाच देतो. त्यात बूस्टची भर धरायलाच हवी. इनटेकमध्ये दीड बार बूस्ट असेल तर इंजेक्टरच्या तोंडाशी तीन बारचा फरक टिकवायला रेलमध्ये साडेचार बार लागतात. बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर हे काम आपोआप करतो. पण पंप निवडताना त्याच्या तक्त्यात तीन बारचा रकाना पाहणारे लोक इथेच फसतात. रकाना साडेचारचा बघायचा.

थेट सिलिंडरमध्ये फवारा

ऑक्टाव्हियाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. इथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. ६००० आरपीएमवर चार स्ट्रोकचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. पोर्ट इंजेक्शनला त्यातला जवळजवळ सगळा वेळ वापरता येतो, कारण बंद व्हॉल्व्हच्या मागेही पेट्रोल फवारून ठेवता येतं. थेट फवाऱ्याला फक्त हवा आत येण्याचा आणि नंतरचा थोडासा वेळ मिळतो, पाच-सहा मिलिसेकंद. एवढ्याशा वेळात तेवढंच पेट्रोल आत घालायचं, तेही बारीक धुक्यासारखं, तर दाब प्रचंड हवा. ईए८८८ च्या तिसऱ्या पिढीत तो २०० बारपर्यंत जातो.

हा दाब दोन टप्प्यांत तयार होतो. टाकीतला विजेवर चालणारा लो-प्रेशर पंप पेट्रोल इंजिनापर्यंत काही बार दाबाने आणतो. तिथे कॅमशाफ्टवर चालणारा एका पिस्टनचा हाय-प्रेशर पंप ते पुढे रेलमध्ये दाबतो. कॅमवर त्यासाठी चार उंचवटे असतात, त्यामुळे कॅमच्या एका फेऱ्यात पंपाचे चार ठोके पडतात. ६००० आरपीएमवर कॅम ३००० ने फिरतो, म्हणजे सेकंदाला दोनशे ठोके. तीनशे हॉर्सपॉवरचा आपला १८०० सीसीचा हिशेब यात बसवला तर प्रत्येक ठोक्याला ०.१५ सीसी पेट्रोल पुढे जायला हवं. जेमतेम तीन थेंब.

आता खरी गंमत पाहा. हाय-प्रेशर पंपाचे ठोके इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतात. त्यामुळे त्याच्यावर सर्वांत जास्त ताण पडतो तो रेडलाइनला नाही, तर टॉर्क सर्वांत जास्त असतो तिथे, कारण दर चक्राला लागणारं पेट्रोल टॉर्कच्या प्रमाणात असतं. आजकालचे रीमॅप २५००-३००० आरपीएमलाच भरपूर टॉर्क देतात, म्हणून हा पंप पुष्कळदा मधल्या वेगात हात टेकतो. इंजेक्टरचं उलट. वेग वाढला की त्यांना मिळणारा वेळ आटतो, त्यामुळे ते सर्वाधिक ताकदीच्या जागी, वरच्या आरपीएमला कमी पडतात. टाकीतला पंप विजेवर चालतो, त्याला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही, तो एकूण खपाला पुरतो की नाही एवढाच प्रश्न. तोही वरच्या टोकालाच उघडा पडतो. म्हणजे लॉगमधला (चालत्या इंजिनाच्या नोंदींमधला) दाब कुठल्या आरपीएमला पडतोय, एवढ्यावरून कोणता भाग अपुरा आहे याचा पहिला अंदाज येतो.

लॉग काढताना तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून रेडलाइनपर्यंत पूर्ण थ्रॉटलवर एक खेच घ्यायची, शक्यतो डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. रस्त्यावर हे करू नये. नोंदवायचं काय, तर रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब, टाकीकडून येणारा लो-प्रेशर, इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, मागितलेला आणि मिळालेला लॅम्डा, आणि नॉकमुळे प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ) किती मागे घेतलं गेलं ते. ईसीयूने २०० बार मागितले आणि १४० च मिळाले, तर प्रवाह सोळा टक्क्यांनी घटला. ईसीयू ती घट इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ वाढवून भरून काढायचा प्रयत्न करतो, म्हणून लॅम्डा काही काळ ठीक दिसेल, पण हाताशी असलेला जादा वेळ संपलेला असतो. आणि हाय-प्रेशर पडण्याआधी लो-प्रेशर पडलेला दिसला, तर पुढच्या पंपाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला मागूनच पेट्रोल मिळत नाहीये. या एका गोष्टीकडे न पाहता महागडा हाय-प्रेशर पंप बसवला जातो आणि दाब तसाच पडत राहतो, तेव्हा वाईट वाटतं, कारण तो खर्च टाळता आला असता.

हाय-प्रेशर पंप वाढवायचा म्हणजे बहुतेक वेळा त्याचा पिस्टन जाड करायचा. ठोक्याची लांबी कॅमवर ठरते, ती तशीच राहते. उदाहरणासाठी ८ मिलिमीटरचा पिस्टन ९ चा केला तर क्षेत्रफळ, आणि म्हणून पुरवठा, सत्तावीस टक्के वाढतो. कॅमवरचा भारही तेवढाच वाढतो, त्यामुळे कॅम आणि पिस्टन यांच्या मधला फॉलोअर चांगल्या अवस्थेत आहे ना, हे त्याच वेळी बघून घ्यायला हवं. याहून पुढे जायचं तर इनटेकमध्ये पोर्ट इंजेक्टरांची दुसरी ओळ जोडतात. याच घराण्यातल्या काही युरोपीय इंजिनांत ही दुहेरी व्यवस्था कंपनीनेच दिलेली आहे. मोठ्या ताकदीसाठी हा मार्ग मला सर्वांत समजूतदार वाटतो, पण नुसत्या स्टेज वन, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरच्या, रीमॅपसाठी त्याची काहीच गरज नाही.

इथेनॉलचा हिशेब

हा भाग आपल्याकडच्या गाड्यांसाठी आज सर्वांत महत्त्वाचा आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो हवा पुरते. उलट बाजूने पाहिलं तर तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं. ई२० साठी, म्हणजे आता पंपांवर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, १४.७ चं प्रमाण साधारण १३.५ वर येतं. घनतेतला फरक धरला तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात-आठ टक्के जास्त इंधन पुढे पाठवावं लागतं. म्हणजे काही वर्षांपूर्वी ट्यून केलेली आणि तेव्हा पंपाच्या काठावर चालणारी गाडी आज, तिच्यातला एक स्क्रूही न बदलता, काठापलीकडे गेलेली असू शकते. हलक्या पायाने चालवताना ईसीयू फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणातली आपोआप दुरुस्ती) वाढवून सांभाळून घेतो, त्यामुळे कळत नाही. पूर्ण बूस्टवर सांभाळायला पंपात जागा लागते. जुना रीमॅप असलेल्या प्रत्येकाने आज एकदा नव्याने लॉग काढावा असं मी आग्रहाने सांगेन.

इथेनॉल ट्यूनिंगवाल्यांना आवडतं हेही खरं. त्याचा ऑक्टेन जास्त, वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषतं, त्यामुळे नॉकिंग मागे हटतं आणि टायमिंग वाढवता येतं. जून २०२१ मध्ये पुण्यात तीन ठिकाणी ई१०० च्या, म्हणजे जवळपास निव्वळ इथेनॉलच्या, विक्रीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, आणि मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर ‘इथेनॉल १००’ आणलं. आपल्याच उसातून येणारं हे इंधन ड्रॅग शर्यतीच्या गाडीला मोह घालणारच. पण ते फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे इथेनॉलच्या कोणत्याही प्रमाणावर चालतील अशा बनवलेल्या, गाड्यांसाठी आहे. त्याला पेट्रोलच्या साधारण दीडपट पुरवठा लागतो, म्हणजे तीनशे हॉर्सपॉवरच्या आपल्या गाडीला तासाला १०८ ऐवजी १६० लिटरच्या पुढे. पंप, इंजेक्टर, ट्यून सगळंच वेगळं हवं. टाकीत ‘थोडंसं मिसळून बघू’ हा प्रयोग करू नका. मिश्रणाचं प्रमाण मोजणारा इथेनॉल सेन्सर नसेल तर ईसीयूला नेमकं काय आलंय ते कळत नाही.

इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे गंज धरतो, जुने रबरी पाइप फुगतात किंवा तडकतात, टाकीतला साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. म्हणून नवीन लाइन टाकायची तर आतून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असलेला पाइप घ्यावा. बाहेरची स्टीलची वेणी फक्त संरक्षणासाठी असते, आतला रबर कसला आहे ते तिच्यावरून कळत नाही.

पंपाला वीज, टाकीत पेट्रोल

चांगला पंप बसवूनही दाब पडतो तेव्हा बऱ्याचदा दोष वायरिंगचा निघतो. जुन्या गाड्यांत पंपाची वायर बारीक असते, आणि बॅटरीजवळ १३.८ व्होल्ट असताना टाकीपाशी बारा किंवा त्याहून कमी मिळतात. व्होल्टेज घटलं की पंपाचा वेग घटतो. अशा गाडीत बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकणं हा नव्या पंपाआधी करायचा स्वस्त उपाय आहे. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी. ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांत मात्र पंपाचा वेग एक वेगळं कंट्रोल युनिट ठरवतं, तिथे थेट वायर ओढायची नसते.

सर्किटवर पळणाऱ्या गाडीचा आणखी एक प्रश्न असतो. लांब वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि दाब क्षणभर शून्याकडे पडतो. टाकीतले आडवे पडदे किंवा दोन-तीन लिटरची वेगळी सर्ज टँक (पंपासाठी कायम भरलेली राहणारी छोटी टाकी) हा त्यावर उपाय. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ पळणाऱ्या गाडीला याची गरज कमी, कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर वळणांत पळणाऱ्याला जास्त.

इंजेक्टर बदलले की ईसीयूला त्यांची माहिती द्यावी लागते. फक्त सीसी पुरत नाही. वीज मिळाल्यापासून इंजेक्टर खरोखर उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि व्होल्टेज कमी झालं की हा वेळ वाढतो. आयडलिंगला इंजेक्टर दोनेक मिलिसेकंदच उघडतो, तेव्हा एवढी चूकही निम्म्याच्या घरात जाते. गाडी थंडीत बंद पडते, एसी लावला की धडधडते, ते यामुळे. चांगले इंजेक्टर या सगळ्या तक्त्यांसह येतात. तक्ता नसलेले स्वस्त नक्कल इंजेक्टर घेऊ नयेत, कारण चौघांचा प्रवाह सारखा असेल याचीही खात्री नसते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. मोठे बदल करायचे तर ते शर्यतीसाठीच राखलेल्या गाडीवर करावेत.

काम झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी फक्त चावी फिरवून पंपाला दाब भरू द्या आणि प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवा. इंजिन गरम होऊन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर हीच तपासणी परत करा, कारण काही जोड तापल्यानंतरच सैल पडतात. २०० बारची बाजू मात्र इंजिन चालू असताना हाताने चाचपू नका. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. आणि हे काम चालू असताना पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी ठेवा, गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नको.